चर्चच्या विहिरीत उरलेलं तेल

"त्यात काय, गुणाकारच तर आहे!"

हे एक वाक्य मी त्या रविवारी गिळलं असतं, तर टेक्ससमधल्या ड्राय फोर्क गावातली माणसं आजही मला पाहून टोपी काढत असती. आता टोपी तशीच ठेवतात आणि टोपीखालून हसतात.

झालं असं. प्रार्थना संपली आणि ब्रदर लायल यांनी एक सरकारी पत्र वाचायला घेतलं. ब्रदर लायल म्हणजे आमचे पाद्री. माझेच जुने विद्यार्थी. स्वभावाने देवमाणूस, अपूर्णांकात कच्चे. चर्चच्या मागच्या जमिनीत १९५१ सालापासून एक तेलविहीर चालू आहे. तिच्यावरचा पंप दिवसभर मान खालीवर करत असतो. विहीर लहान, पण चर्चमध्ये दर मंगळवारी गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण मिळतं, ते तिच्याच जिवावर. आता तेलविहिरींच्या कार्यालयाने कळवलं होतं की, 'निदान तीन वर्षं पुरेल इतकं तेल शिल्लक असल्याचं तीस दिवसांत आकड्यांनिशी दाखवा. नाहीतर विहिरीत सिमेंट ओतून ती कायमची बंद करा.'

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, मिडलंड शहरातून तेलाचा इंजिनिअर बोलवावा लागेल. त्यावर मी ते वाक्य बोललो.

माझं नाव वेंडेल क्रॅबट्री. गावच्या शाळेत मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. माझी एक ख्याती होती. मुलाने फळ्यावर नुसतं 'पाच' लिहिलं की मी विचारायचो, "पाच काय? पाच घोडे?" फूट, पौंड, गॅलन, जे असेल ते पुढे लिहिलं नाही तर निम्मे गुण कापायचो. या रीतीने मी गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचे गुण कापलेले आहेत. त्यामुळे मला वाटत होतं तितकं ते माझं कौतुक करत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

घरी येताना शेजारचा डब यार्बरो माझ्याबरोबर होता. डबचं वय चौऱ्याहत्तर. विहीर खोदली त्या दिवसापासून तिची राखण त्याच्याकडे. रोज सकाळी सहाला जातो, टाकीत वजन लावलेली फीत सोडतो, तेल किती इंच चढलं ते वहीत लिहितो आणि परत येतो. त्याची बायको वारली, त्या सकाळीसुद्धा तो जाऊन आला होता. मी काही बोलायच्या आतच म्हणाला होता, "दुसरं कुठे जाऊ मास्तर?"

"जमेल का रे तुला?" त्याने विचारलं.

"डब, हा शाळेतल्या आठवीचा प्रश्न आहे."

"आठवीत मी शाळा सोडली," डब म्हणाला. "म्हणून विचारतो."

पहिला आकडा जमिनीचा. चर्चच्या कपाटातून मी जुना दस्तऐवज काढला. त्यात लिहिलं होतं की, जमीन उत्तर-दक्षिण ४७५ व्हारा आणि पूर्व-पश्चिम ४७५ व्हारा. व्हारा म्हणजे वार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जुन्या लोकांचं शुद्धलेखन असंच. ४७५ वार म्हणजे १४२५ फूट.

"कोर्टातल्या दस्तांच्या कचेरीत जाऊन एकदा विचारून का येत नाहीस?" माझी बायको नोव्हेला म्हणाली.

"चौतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाने वार म्हणजे किती, हे विचारायला कोर्टात जायचं?"

"न विचारता जास्त लाज गेली तर?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. मी आणि डब फीत आणि खुंट्या घेऊन निघालो. दक्षिणेच्या हद्दीच्या दगडापासून मोजत मोजत उत्तरेला आलो. चर्चचं कुंपण आलं, पण फूट काही संपेनात. कुंपणापलीकडे शाळेचं फुटबॉलचं मैदान.

"मास्तर, कुंपण आलं," डब म्हणाला.

"कुंपण माणसाने घातलेलं असतं. कागद खोटं बोलत नाही."

आम्ही कुंपण ओलांडलं. गोलपोस्टच्या खालून गेलो आणि मैदानात आणखी बरंच आत, हिरव्यागार गवतात, मी लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकली. ठोकताना मला उगाचच एखादा प्रदेश जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

अर्ध्या तासात प्रशिक्षक ब्युफर्ड स्टॅम्प्स धावत आला. हाही माझाच विद्यार्थी. मान आणि खांदे यांच्यात सीमारेषा नसलेला माणूस.

"सर, हे काय आहे?"

"चर्चची हद्द."

"म्हणजे माझा गोलपोस्ट?"

"कागदाप्रमाणे चर्चचा."

ब्युफर्डने एकदा खुंटीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "सर, शुक्रवारी सँड हिलच्या शाळेशी सामना आहे. माझी पोरं चेंडू घेऊन जिवाच्या आकांताने धावणार आणि पोचणार कुठे? चर्चमध्ये?"

आमच्या गावात माणूस देवाबद्दल शंका घेऊ शकतो, शुक्रवारच्या सामन्याबद्दल नाही. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली की, बाप्टिस्टांनी, म्हणजे आमच्या चर्चने, गोलपोस्ट बळकावला. ब्रदर लायलना गावातल्या दुसऱ्या चर्चचे, मेथडिस्टांचे फोन आले. कॅफेत मला कॉफी आणून देणाऱ्या बाईने कप असा आपटला की, निम्मी कॉफी बशीत गेली.

शेवटी दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेलोच. दस्तांच्या खिडकीवरचा कारकून जेवायला गेलेला. तो आला तेव्हा मी चुकीच्या खिडकीवर उभा होतो. योग्य खिडकीवर गेलो, तर आधी पिवळा अर्ज भरा म्हणाला. पिवळे अर्ज संपले होते, म्हणून पांढऱ्या अर्जावर 'पिवळा' असं लिहून दिलं. मग त्याने चष्मा पुसला.

"व्हारा? कुठला व्हारा?"

"कुठला म्हणजे?"

"मेक्सिकोचा वेगळा, कॅलिफोर्नियाचा वेगळा. आपला टेक्ससचा म्हणजे तेहेतीस इंच आणि एक तृतीयांश."

"म्हणजे वार नव्हे?"

"वार छत्तीस इंचांचा असतो," तो सावकाश म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं. "शाळेत शिकवतात."

घरी येऊन मी नवा हिशेब केला. एक बाजू १३१९ फुटांच्या आसपास, जमीन चाळीस एकर. माझी खुंटी शंभरावर फूट पुढे गेली होती. ती काढायला मी भर दुपारी गेलो, तर ब्युफर्डची अख्खी टीम सरावाला उभी होती. पोरांनी दोन रांगा करून मला मधून वाट दिली. मी खुंटी उपटली आणि ताठ मानेने बाहेर पडलो. मागून टाळ्या पडल्या. कोणीतरी "एक तृतीयांश!" असं ओरडलं.

माघार घ्यायची तर हीच वेळ होती. नोव्हेलाही म्हणाली, मिडलंडच्या इंजिनिअरला कळवूया. पण मी हट्टाला पेटलो होतो. एका मापाने माझा घात केला म्हणून गणितावरचा विश्वास सोडायचा का?

विहीर खोदताना एका इंजिनिअरने केलेला जुना अहवाल डबने शोधून दिला. तेल काही जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं, ते दगडाच्या बारीक भोकांत असतं. हे मी नोव्हेलाने केलेला मक्याचा पाव मोडून तिलाच समजावून सांगितलं.

"हा पाव म्हणजे दगड. वीस फूट जाड. यात भोकं किती? शंभरात पंधरा भाग. त्या भोकांतही पस्तीस टक्के पाणी, उरलेल्यात तेल."

"माझ्या पावात पाणी?"

"तुझ्या नाही, दगडाच्या. आणि खाली हे तेल वायूने फुगलेलं असतं. वर आलं की बसतं. खालची एक पूर्णांक दोन दशांश पिंपं वर आली की एक पिंप होतं."

"हे मात्र खरं," नोव्हेला म्हणाली. "भट्टीतून काढला की केकही बसतो. आता पावाचा चुरा उचल."

चाळीस एकर गुणिले वीस फूट, गुणिले भोकं, वजा पाणी, भागिले फुगवटा. उत्तर आलं पासष्ट. आता एका एकरात ४३,५६० चौरस फूट, हे मला झोपेतही पाठ. गुणाकार केला: अठ्ठावीस लाख एकतीस हजार चारशे! मी तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तेच. बुधवारच्या सामुदायिक जेवणाला गेलो आणि चर्चच्या फळ्यावर आकडा लिहिला: २८,३१,४००.

मागच्या टेबलांवरची माणसं ताटं घेऊन फळ्याजवळ आली. मग ब्रदर लायल उठून उभे राहिले.

"अठ्ठावीस लाख पिंपं?"

"गणित तेच सांगतं," मी म्हणालो.

यानंतर जे झालं, त्याला मी एकटा जबाबदार नाही. गायकवृंदाच्या बायकांनी नवा ऑर्गन मागितला. एकाने मनोऱ्याची उंची वाढवायची सूचना मांडली, दुसऱ्याने तिला अनुमोदन दिलं, तिसरा म्हणाला, मेथडिस्टांच्या मनोऱ्याहून दहा फूट तरी उंच हवा. ब्युफर्डनेसुद्धा येऊन माझा हात हातात घेतला आणि मैदानाच्या नव्या दिव्यांचा विषय काढला. शनिवारच्या साप्ताहिकात माझा फोटो आला. जुना होता, केस असतानाचा. तेलाचे सौदे करणारे बाहेरगावचे दोन गृहस्थ शहामृगाच्या कातड्याचे बूट घालून चर्चच्या दारात येऊन उभे राहिले.

डब मात्र माझ्या ओट्यावर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर, शेजारच्या विहिरी मी पाहिल्यात," तो म्हणाला. "चाळीस एकरांत एवढं तेल नसतं."

"आकडे समोर आहेत, डब."

"असतील. पण अठ्ठावीस लाख काय?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे, घोडे?"

तो चेष्टा करत नव्हता. मी खिशातून हिशेबाचा कागद काढला. एकर गुणिले फूट. चौरस फूट गुणिले फूट. म्हणजे... घनफूट! मी घनफूट काढले होते आणि एका शब्दाने त्यांची पिंपं करून टाकली होती. एका पिंपात साडेपाचांहून थोडे जास्त, ५.६१५ घनफूट मावतात. भागाकार केला. अठ्ठावीस लाखांचे पाच लाख चार हजार झाले. फळ्यावर आकड्यापुढे मी काही लिहिलंच नव्हतं. मी, वेंडेल क्रॅबट्रीने!

रविवारी मी प्रवचनाच्या आधी उठलो आणि सगळ्यांसमोर चूक सांगितली. हे सोपं नव्हतं. पुढच्या बाकावर गायकवृंद बसला होता आणि ऑर्गनची रंगीत माहितीपत्रकं त्यांच्या मांडीवर होती.

"तर उत्तर पाच लाख," मी म्हणालो.

"पाच लाख काय, सर?" चर्चच्या पाच बाजूंनी एकदम आवाज आले. मी निमूटपणे "पिंपं" म्हणालो. ब्रदर लायलनी त्या दिवशी नम्रतेवर प्रवचन दिलं. आधी ठरलेलं होतं म्हणे.

मी पाच लाखांचा आकडा कार्यालयात पाठवला. आठ दिवसांत परत आला. वर एक चिठ्ठी: 'हे जमिनीखाली असलेलं एकूण तेल झालं. यातलं वर किती येईल? आजवर आलेलं वजा करून शिल्लक कळवा. समक्ष सुनावणी मंगळवारी. इनेझ सालिनास.'

दगड काही सगळं तेल सोडत नाही. जुन्या अहवालाप्रमाणे शंभरातले पंधरा भाग वर यायचे. म्हणजे ७५,६४० पिंपं. आता आजवर आलेलं किती? डबने त्याच्या वह्या आणल्या. तेहेतीस वर्षांच्या तेहेतीस वह्या, रोजची एक ओळ. पण सगळं इंचात!

"इंच? डब, पिंपं कुठे आहेत?"

"टाकीत," डब म्हणाला. "मी फीत सोडतो. फितीवर इंच असतात."

टाकी गोल, बारा फूट रुंद. तिच्या एका इंचात १.६८ पिंपं तेल. मी, डब आणि नोव्हेला तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बेरीज करत होतो. मध्ये मध्ये डब थांबायचा. "ही थंडी आठवते मास्तर? पंप गोठला होता." "हा आकडा नोव्हेलाने लिहिलाय, माझा पाय मोडला होता तेव्हा." एका ओळीपाशी त्याने बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. मी तारीख पाहिली आणि पुढचा आकडा वाचायला घेतला.

बेरीज पन्नास हजार इंच झाली. गुणिले १.६८ म्हणजे चौऱ्याऐंशी हजार पिंपं. वर येणार होती पंच्याहत्तर हजार. म्हणजे विहिरीने तिच्यात होतं त्याहून जास्त तेल दिलं होतं! गेली कित्येक वर्षं ती उणे तेलावर चालली होती.

"म्हणजे संपलं?" डबने विचारलं.

मी वही मिटली. ब्रदर लायलना फोन केला. ते हळूच म्हणाले, "सर, ते शंभरातले पंधरा आहेत ना, ते अठरा म्हटलं तर? खाली जाऊन कोण मोजणार आहे?"

"ब्रदर लायल," मी म्हणालो, "तुम्ही सातवीत माझ्या वर्गात हेच करायचात."

फोन ठेवला आणि वह्या पुन्हा पहिल्यापासून उघडल्या. बेरीज तपासायची, दुसरं काय हातात होतं? १९६३ सालच्या वहीत एका पानावर इंच नव्हते. नुसतं 'वीज' लिहिलं होतं.

"हे काय?"

"वीज पडली. टाकी जळाली. महिन्याने दुसरी आणली."

"तेवढीच?"

"छे! जुनी लहान होती. दहा फुटी."

मी खुर्चीवरून उठलो. "डब! लहान टाकीचा इंच लहान असतो!"

"इंच इंचाएवढा असतो, मास्तर," डब म्हणाला. त्याला वाटलं, शेवटी माझं डोकं फिरलं.

दहा फुटी टाकीच्या इंचात १.१७ पिंपं. जुने चोवीस हजार इंच, नवे सव्वीस हजार. दोन्ही मिळून ७१,७६० पिंपं. शिल्लक ३,८८०. विहीर रोज दोन इंच देते, म्हणजे ३.३६ पिंपं. भागाकार केला. तीन वर्षं आणि साठ दिवस!

मंगळवारी आम्ही तिघं, मी, डब आणि ब्रदर लायल, सुनावणीला गेलो. मिसेस सालिनास पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. चष्मा नाकाच्या टोकावर. माझी दहा पानं त्यांनी ओळीने तपासली. प्रत्येक आकडा स्वतःच्या यंत्रावर पुन्हा करून पाहिला. शेवटच्या पानावर थांबल्या.

"तीन वर्षं साठ दिवस. ठीक."

त्यांनी शिक्का उचलला. तो कागदाला लागला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण माझ्यातला मास्तर उठला.

"बाई, एक सांगायचं राहिलं. जमीन बरोबर चाळीस एकर नाही. व्हाराप्रमाणे ३९.९६६ भरते."

ब्रदर लायलनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पाद्र्याचा पाय इतका जड असेल अशी कल्पना नव्हती. मिसेस सालिनासनी शिक्का खाली ठेवला, यंत्र ओढलं आणि हिशेब पुन्हा केला. एकोणीस दिवसांचं तेल मी माझ्या हाताने सांडून टाकलं होतं.

"तीन वर्षं, एक्केचाळीस दिवस," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिल्या. "मिस्टर क्रॅबट्री, ती दगडातली भोकं शंभरात पंधरा. ती पंधराच कशावरून?"

"१९५१ च्या अहवालात आहेत."

"तो अंदाज आहे. चौदा असतील, सोळाही असतील. एका भागाने चुकलं तर पाच हजार पिंपं इकडची तिकडे. म्हणजे विहीर मागच्याच वर्षी आटली किंवा आणखी सात वर्षं चालेल. तुम्ही एकोणीस दिवसांसाठी भांडताय."

महिनाभर ज्या आकड्यासाठी मी गावाचं हसू झेललं, तो असा समोर निपचित पडला. मी माझी दहा पानं सरळ करू लागलो.

"मग आता?" मी कसाबसा म्हणालो.

"आता काय? काल सकाळी मी तुमच्या टाकीपाशी गेले होते. हे गृहस्थ फीत सोडत होते," त्यांनी डबकडे बोट केलं. "मी कोण, हे न विचारता त्यांनी मला फीत धरायला लावली. दोन इंच चढलं होतं. जी विहीर रोज दोन इंच देते, तिला मी मेलेली कशी म्हणू? नियमाला कागद लागतो. तो तुम्ही आणलात. आणि खोटा आणला नाहीत." त्यांनी शिक्का मारला. "तीन वर्षांनी पुन्हा या."

ब्रदर लायल जिन्यातच देवाचे आभार मानायला थांबले. माझ्या पायाची क्षमा मागायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

गावात आलो तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात मंगळवारच्या पानांची गडबड चालली होती. आत बातमी कळली आणि भांड्यांचा आवाज एकदम वाढला. मी आणि डब मागच्या दाराने विहिरीकडे निघालो. त्याला सकाळी घाईत झडपेचं झाकण नीट लावलं की नाही, अशी शंका होती.

"डब, तुला समजलं ना नीट?" मी म्हणालो. "माझ्या हिशेबाप्रमाणे हिच्यात तीन वर्षं आणि एक्केचाळीस दिवस..."

डबने माझा दंड धरून मला थांबवलं. पंप दहा पावलांवर होता आणि सावकाश मान हलवत होता.

"मास्तर," तो कुजबुजला, "तिच्यासमोर नको."

मी चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पण आवाज खाली केला आणि आम्ही दोघं तिच्या बाजूने गुपचूप झडपेकडे गेलो.